शिळं चित्र

चहा सांडला तेव्हा कप जागेवर होता. निदान आप्पांना तरी तो जागेवरच दिसत होता. ओट्याच्या कडेला, निळ्या काठाचा, कान उजवीकडे केलेला. त्यांनी पातेलं सांडशीत नीट धरलं आणि बेताबेतानं ओतायला सुरुवात केली. कप तर आईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, उचलून मागे ठेवला होता, कारण ओट्यावर साखर सांडली होती, आणि साखर म्हटलं की मुंग्या. फडकं धरलेला तिचा हात त्या घडीला बरोबर कपाच्या जागी होता. आप्पांना तो हात दिसलाच नाही.

त्यांची मुलगी पद्मजा स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसली होती. तिनं सगळं पाहिलं, पण उठेपर्यंत होऊन गेलं होतं. आई फार ओरडलीही नाही. "अगं आई गं," एवढंच म्हणाली आणि हात नळाखाली धरून उभी राहिली. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी लालभडक झाली होती.

"कप हितंच होता," आप्पा म्हणाले. "मी बघून ओतलाय." हे त्यांनी तीनदा सांगितलं. मग काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी चष्मा काढला, दोन्ही काड्या मिटल्या आणि तो पद्मजाच्या हातात ठेवला.

"आंधळा होतो तवा कुणाला भाजलं न्हवतं," असं म्हणून ते भिंतीला हात लावत लावत बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

भूपाल मगदूम हे रेल्वेचे निवृत्त गेटमन. मिरजेजवळ बोरखडी नावाचं लहानसं स्टेशन आहे, तिथल्या फाटकावर त्यांनी छत्तीस वर्षं काढली. छत्तीस वर्षांत एक अपघात नाही, ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत, पण आईनं ती साऱ्या मिरजेला सांगून ठेवली होती. निवृत्तीनंतर पाच-सहा वर्षांतच त्यांच्या दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत गेला आणि समोरच्या माणसाचा चेहरा म्हणजे एक राखाडी डाग उरला. पद्मजा त्या वेळी सांगलीला, माधवनगरच्या रस्त्यावर कापसाच्या एका जुन्या गोदामात थाटलेल्या कंपनीत काम करत होती. कंपनी एक चष्मा बनवत होती. त्याचं नाव साक्षी.

साक्षीच्या चौकटीत दोन कॅमेरे असतात आणि काडीत नखाएवढी ग्राफिक्स चिप. डोळ्याच्या आत, दृष्टिपटलामागे, शस्त्रक्रिया करून एक पडदा बसवलेला असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. (मगदुमांच्या जैन घरात कांदा येत नाही, पण याहून जवळची उपमा सापडत नाही, त्याला इलाज काय.) कॅमेऱ्यानं पाहिलेलं चिप रेखाटते, ते पडद्यावर उमटतं, आणि पडदा शेजारच्या जिवंत पेशींना डिवचून ते मेंदूपर्यंत पोचवतो. सेकंदाला साठ चित्रं. एक चित्र गेलं आणि दुसरं अजून यायचंय, त्या मधल्या फटीत पडदा आधीचं चित्र धरून ठेवतो. तसं केलं नाही तर सारं जग मरायला टेकलेल्या ट्यूबलाइटसारखं लुकलुकत राहील. पडद्याच्या या गुणाचं कंपनीत सगळ्यांना फार कौतुक होतं.

दोन वर्षं आप्पा या चष्म्यानं पाहत होते. पेपर वाचत होते, बाजारात जाऊन दोडके पारखून आणत होते. दुपारचा चहा तर त्यांनी आईच्या हातून हिसकावूनच घेतला होता. चहाच्या वेळी ओट्यापाशी ते दुसऱ्या कुणाला उभं राहू देत नसत. त्या रविवारी साखर सांडली नसती तर आईही तिथं आली नसती.

साक्षीत प्रत्येक चित्राची नोंद राहते. सोमवारी सकाळी पद्मजानं ती कार्यालयात उघडली. रविवारी चार वाजून बारा मिनिटांनी चित्रांची रांग मधेच तुटलेली होती. पुढचं चित्र आलं ते तब्बल तीन सेकंदांनी. तेवढा वेळ आप्पा एका फोटोपुढे उभे होते आणि आई खऱ्या ओट्यापुढे.

इथं थोडं यंत्राच्या आत शिरायला हवं. चष्म्यातला जो प्रोग्रॅम चित्रं मागवतो आणि पडद्याकडे धाडतो, त्याचं आणि चिपचं थेट बोलणं नसतं. मधे कर्नेल असतो. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. यंत्राच्या कुठल्याही भागाला हात लावायचा अधिकार त्याला एकट्याला. प्रोग्रॅम त्याला सांगतो, डाव्या डोळ्यासाठी एक आणि उजव्यासाठी एक चित्र काढून द्या, आणि झोपी जातो. जागं राहून ‘झालं का, झालं का’ विचारत बसला तर दुपारपर्यंत बॅटरी संपेल. चिप चित्र पुरं करते आणि कर्नेलला घंटा देते. या घंटेला म्हणतात इंटरप्ट. कर्नेल हातातलं काम टाकून धावतो, कुठलं चित्र झालं ते बघतो आणि प्रोग्रॅमला उठवतो. हा सगळा खटाटोप सेकंदाला शंभराहून जास्त वेळा चालतो, आणि चष्मा घालणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता समजा, एक घंटा हुकली. चिप म्हणते, मी कळवलं. प्रोग्रॅम म्हणतो, मला कुणी उठवलं नाही. दोन्ही डोळ्यांची चित्रं हातात आल्याशिवाय तो नवं काम देत नाही, आणि नवं काम नाही म्हणून नवी घंटाही नाही. दोघंही शहाण्यासारखी वाट बघत बसतात. तीन सेकंदांनी कर्नेलमधल्या पहारेकऱ्याला संशय येतो आणि तो सगळ्यांना हलवून जागं करतो. तोवर डोळ्यातला पडदा इमानेइतबारे जुनंच चित्र दाखवत असतो. अंधार झाला तर माणूस थबकतो. पण शिळं चित्र ताज्यासारखंच दिसतं, आणि ते शिळं आहे हे बघणाऱ्याला कळायला काही मार्ग नाही.

कर्नेलनं घंटा कशी ऐकायची ते सांगणारा भाग सहा वर्षांपूर्वी पद्मजानं लिहिला होता.

कंपनीच्या प्रमुख तनुजा देवस्थळी मूळच्या डोळ्यांच्या डॉक्टर. बोलायला फटकळ, पण पोटात काही ठेवणाऱ्या नव्हेत. पद्मजानं नोंद पुढे केली तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "आईचा हात कसा आहे?"

"फोड आलेत. डाग राहील म्हणतात."

"आणि आप्पा?"

"चष्म्याला हात लावत नाहीत."

देवस्थळी मॅडमनी नोंद खालीवर केली. "हे बघ, पंधरा तारखेला आपली नवी आवृत्ती जातेय. तिच्यात ‘अंदाज’ आहे. चित्राला उशीर झाला की चष्मा आधीच्या चित्रांवरून पुढचं चित्र स्वतःच रचणार. कुणाला खंड पडल्याचं कळणारसुद्धा नाही."

"मॅडम, अंदाजानंही कप तिथंच दाखवला असता," पद्मजा म्हणाली. "वर वाफ हलती दाखवली असती."

मॅडमनी नोंद बंद केली. "मग घंटा कुठं हुकते ते शोध. अकरा दिवस आहेत. नाही सापडली तर अंदाज जाईल. साक्षी घालणाऱ्या अकराशे चाळीस माणसांना मी असं मधेच गोठवून ठेवू शकत नाही."

पद्मजानं शोध सुरू केला. पहिल्या दोन दिवसांत तिला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. इतरांच्या चष्म्यांतही असे तीन-तीन सेकंद हरवलेले होते, दिवाळीपासून एकूण दोनशे बारा वेळा. आणि ते कधी? कुणी सुईत दोरा ओवताना, कुणी डोळ्यात औषधाचे थेंब घालताना, कुणी नातवाची नखं काढताना. चालताना, जिने चढताना, रस्ता ओलांडताना जवळपास कधीच नाही. प्रयोगशाळेत तर नेमक्या जिन्यांच्या आणि रस्त्यांच्याच चाचण्या घेतल्या होत्या. तिथं चहा कुणी ओतून पाहिला नव्हता.

असं का, तेही तिला उलगडलं. मान स्थिर ठेवून जवळची वस्तू निरखली की डाव्या आणि उजव्या चित्रात सारखंच काम असतं. जुनी चिप ती चित्रं एकामागून एक काढायची. दिवाळीत सगळ्यांच्या चष्म्यांत बसवलेली नवी चिप दोन्ही एकदम काढते, त्यामुळे दोन्ही चित्रं अगदी एकाच क्षणाला पुरी होतात आणि दोन घंटा एकमेकींना खेटून वाजतात. त्यांतली एक कुठंतरी हरवत होती. कुठं, ते मात्र कळेना.

तिनं सहकाऱ्यांचा प्रोग्रॅम ओळ न् ओळ चाळला. कॅमेऱ्यांवर संशय घेतला, बॅटरीवर घेतला. चिप बनवणाऱ्यांना तीन पत्रं पाठवून त्यांच्या नाकी नऊ आणले. फक्त स्वतःच्या चाळीस ओळींकडे ती वळली नाही. या धंद्यातल्या माणसांना ही खोडच असते. जे सहा वर्षं बिनबोभाट चाललं ते बरोबरच असणार, असं धरून चालतात, आणि त्यात ते स्वतः लिहिलेलं असलं तर विचारायलाच नको.

घरात वेगळीच शांतता होती. आप्पा पुन्हा भिंतीला धरून चालू लागले. पेपर यायचा आणि घडीही न मोडता रद्दीत जायचा. पद्मजानं दोनदा चष्म्याचा विषय काढला, दोनदा त्यांनी "बघू पुढं" म्हणून टोलवला. आईचा हात सुकत आला होता, पण ती पदर कोपरापर्यंत ओढूनच वावरायची.

"आई, त्यांना दिसत नाही आता. कशाला झाकतेस?" पद्मजानं एकदा हळूच विचारलं.

"परत चष्मा घालतील तवा सवय आसावी म्हणून झाकतीया," आई म्हणाली. "तुला वाटतंय त्यांस्नी चष्मा नकोय. चष्मा नको असं न्हाई गं. चष्मा घातला की हात बघावा लागंल, ते नकोय त्यांना. त्या दिवशी नीट बघायच्या आधीच काढून ठेवलाय न्हवं? मला रोज इचारत्यात, बरा झाला का. मी म्हणती, झाला. पण डोळ्यानं बघायचं म्हटलं की कापरं भरतंय त्यांना."

पद्मजाला रडू आलं. आपण घंटा शोधतोय, आणि ती सापडली तरी हे दुखणं जाईलच असं नाही, हे तिला त्या वेळी पहिल्यांदा कळलं.

बारा तारखेला ती लवकर घरी आली. मगदुमांकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे साडेपाचलाच ताटं मांडली होती. मागच्या दारातून उन्हाची तिरीप आप्पांच्या ताटावर आली होती. ते बोटांनी भाकरी चाचपून तुकडा मोडत होते.

"सापडंना व्हय?" त्यांनी अचानक विचारलं.

"नाही आप्पा."

"काय सापडंना, मला कळंल असं सांग की. छत्तीस वर्षं मीबी घंटीवरच काम केलंय."

पद्मजानं सांगितलं. चिप, घंटा, कर्नेल, झोपलेला प्रोग्रॅम. एकदम वाजणाऱ्या दोन घंटा आणि त्यांतली हरवणारी एक. आप्पांनी घास तसाच हातात धरून ऐकून घेतलं.

"तुझ्या त्या कर्नेलाला घंटी कशी कळती? कानानं?"

"नाही, कान कुठला. चिपमध्ये एक खूण असते. घंटा दिली की ती खूण चढते. कर्नेलनं उतरवेपर्यंत चढलेलीच राहते."

"म्हणजे आमच्या टिकलीवाणी," आप्पा म्हणाले. "फाटकाच्या खोलीत घंटीचा लाकडी डबा होता. त्याच्यावर पत्र्याची एक टिकली. स्टेशन मास्तरनं घंटी दिली की टिकली खाली पडायची, आन् हातानं वर करीपर्यंत पडलेलीच ऱ्हायची. माणूस बाहेर असला तरी आल्यावर कळावं म्हणून."

"अगदी तसंच."

"मग तुझा गडी टिकली कधी वर करतोय? फाटक लावायच्या आधी का लावून आल्यावर?"

पद्मजा मनातल्या मनात आपल्या ओळी आठवू लागली.

"आधी वर करायची आसती," आप्पा म्हणाले. "घंटी वाजली, की पहिलं टिकली वर. मग बाहेर जायचं, चाक फिरवून फाटक लावायचं. त्याला लागत्यात चार मिनिटं. तेवढ्यात उलटीकडनं दुसरी गाडी निघाली, मास्तरनं दुसरी घंटी दिली, तर टिकली परत पडती. आल्यावर दिसती. पण टिकली तशीच पडलेली ठेवून गेलीस, तर दुसऱ्या घंटीला ती पडणार कुठं? आधीच पडलीया. आन् आल्यावर तू ती वर केलीस, की दुसरी गाडी पुसली गेली. तुला वाटतंय, एकच होती."

पद्मजाच्या हातातली भाकरी ताटात पडली.

"आप्पा, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

आप्पांनी आईच्या पावलांचा कानोसा घेतला. आई वाढायला उठली होती, ती उभीच राहिली.

"कुणी न्हाई," ते म्हणाले. "नोकरीचं पहिलंच वर्ष. मालगाडीची घंटी आली. मी पळतच बाहेर गेलो, फाटक लावलं, मग येऊन टिकली वर केली. मालगाडी गेली. मी फाटक उघडलं. उसाची गाडी रुळावर चढली, आन् लांबनं शिट्टी आली. एक सुटं इंजिन येत होतं. त्याची घंटी मी बाहेर असताना वाजून गेलती. गाडीवान बैलांवर आसूड वढतोय, मी मागनं गाडी ढकलतोय. मागचं चाक रुळावरनं उतारलं आन् इंजिन गेलं. उसाच्या दोन मोळ्या पडल्यात्या, त्या उडाल्या. बाकी कुणाला काय झालं न्हाई. गाडीवानाला वाटलं इंजिनच लवकर आलं. मास्तरला वाटलं मी वेळेत फाटक लावलं. मी कुणाला सांगितलं न्हाई."

"माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट ही," आई म्हणाली. "मलाबी न्हाई सांगितलंत."

"तू गावभर सांगत फिरायचीस, छत्तीस वर्षांत एक अपघात न्हाई. दर बारीला मला ती मोळी दिसायची." आप्पांनी पाण्याचा तांब्या चाचपला. "तवापास्नं मी दोन गोष्टी धरल्या. पहिलं टिकली वर, मग काम. आन् फाटक उघडायच्या आधी मास्तरला फोन करून इचारायचं, शेवटच्या गाडीचा नंबर कुठला. प्रत्येक गाडीला नंबर आसायचा, कागदावर खोडायचा. घंट्या किती वाजल्या त्याच्यावर जायाचं न्हाई. घंटी फकस्त उठवती. काय झालंय ते जाऊन बघायचं आसतं. फार तर एखादा फोन फुकट जायाचा, आन् मास्तर शिव्या घालायचा. घालू दे."

पद्मजानं हात धुतला आणि तिथंच ताटाशेजारी संगणक उघडला. तिच्या चाळीस ओळींत ते होतं. कर्नेल आधी बघत होता कुठलं चित्र पुरं झालं, प्रोग्रॅमला उठवत होता, आणि सगळ्यात शेवटी खूण उतरवत होता. बघणं आणि उतरवणं यांच्या मधल्या पुसटशा फटीत दुसऱ्या डोळ्याचं चित्र पुरं झालं की त्याची खूण आधीच्याच खुणेवर चढायची आणि तिच्याबरोबर पुसली जायची. दोन ओळी उलट्या लागल्या होत्या. जुनी चिप दोन चित्रांमध्ये अंतर ठेवायची म्हणून सहा वर्षं निभावलं. त्या ओळींपुढे लिहिणाऱ्याचं नाव होतं, पद्मजा भूपाल मगदूम, आणि तारीख.

"आप्पा," ती म्हणाली. "चूक माझी आहे. आईचा हात माझ्यामुळं भाजला. तुमच्या हातून नाही."

आप्पांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला. तो आधी तिच्या खांद्याला लागला, मग डोक्यावर गेला. "तू लगेच सांगितलंस," ते म्हणाले. "मला पन्नास वर्षं लागली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मजा देवस्थळी मॅडमसमोर उभी राहिली, दोन ओळी दाखवल्या, त्यांवरचं नाव दाखवलं. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांचा साधाच चष्मा.

"दुरुस्ती कितीशी?"

"दोन ओळींची जागा बदलायची. शिवाय आता मी घंटेवर विसंबणार नाही. प्रत्येक चित्राला नंबर देणार. कर्नेल उठला की चिपला विचारणार, कितव्या नंबरापर्यंत झालं, आणि तिथपर्यंतची सगळी चित्रं एकदम उचलणार. फार तर एखादी फेरी फुकट जाईल. पण नीट तपासायला दोन दिवस लागतील, आणि त्या दोन दिवसांत लोकांनी चष्मा घालू नये असं मला वाटतं."

"अकराशे चाळीस लोकांना दोन दिवस अंधारात बसवायचं?"

"हो. आणि अंदाज काढून टाकायचा. चित्र उशिरा आलं, कारण काहीही असो, तर पडद्यानं जुनं चित्र सोडून द्यायचं. काळोख करायचा."

"काळोख दाखवणारा चष्मा," मॅडम म्हणाल्या. "हे मी लोकांना काय तोंडानं सांगू? जरा वडिलांनाच विचार. ते घालणारे आहेत."

पद्मजानं तिथूनच फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. चष्म्यानं अंदाजानं चित्र दाखवायचं का काळोख करायचा, असं तिनं विचारलं.

"मला कशाला इचारतीस, मी घालणारच न्हाई," आप्पा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण घालणाऱ्याला काळोखच करा. काळोख झाला की माणूस पातेलं खाली ठेवतोय. दिसत नसलं तर दिसत न्हाई असं सांगावं चष्म्यानं. दिसतंय म्हणून खोटं कशाला बोलायचं?"

देवस्थळी मॅडमनी फोन बंद केला आणि म्हणाल्या, "पत्र तू लिही. सोप्या भाषेत. सही तुझी आणि माझी."

पत्र त्याच दुपारी सगळ्यांना वाचून दाखवलं गेलं, चष्म्याच्या काडीतल्या स्पीकरवरूनच. शिव्या येतील म्हणून पद्मजा फोनपाशी बसून राहिली. थोड्याफार आल्याही. पण त्रेसष्ट माणसांनी कळवलं की हे आपल्या बाबतीत घडलं होतं आणि आपण कुणाला सांगितलं नव्हतं. चंदगडच्या एक बाई फोनवर कितीतरी वेळ नुसत्या हसत होत्या. "दोनच दिवस ना? बसते की अंधारात," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं माझंच डोकं फिरायला लागलंय. सुनेला म्हणायचे, तू इथं होतीस, तिथं कशी गेलीस. बरं झालं बाई सांगितलंत." पद्मजाचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. उरलेला अर्धा मिरजेत कट्ट्यावर बसला होता.

सोळा तारखेला सकाळी ती दुरुस्त केलेला चष्मा घेऊन आप्पांजवळ गेली. ते अंगणाच्या कट्ट्यावर उन्हाला बसले होते. आई आत तांदूळ निवडत होती.

"चूक निघाली आप्पा. तपासून झालंय, पन्नास हजार वेळा. पण उन्हानं तापला, बॅटरी उतरली, तर चित्र कधीतरी अडेलच. तेव्हा काळोख होईल. मी तुम्हाला एकदा तो करून दाखवते, म्हणजे ओळख राहील."

आप्पांनी हात पुढे केला नाही. ते बराच वेळ उन्हाकडे तोंड करून बसले.

"कधी करणार ते मला सांगू नको," शेवटी ते म्हणाले. "आमच्याकडं इन्स्पेक्टर कधी सांगून येत न्हवता."

"मलाही माहीत नसेल. तासाभरात एकदा, चार सेकंद, चष्माच ठरवेल."

"दे."

त्यांनी चष्मा घातला. दोनतीनदा डोळे मिचकावले. पद्मजाच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वाळलीस." मग उठले, भिंतीला हात न लावता दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याशी थांबले.

"अगं, हिकडं ये," त्यांनी आत हाक मारली. "उजेडात ये."

आई पदर सावरत आली. नवऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा बघून तिनं पदर आणखी खाली ओढला.

"हात दाव."

"कशाला? बरा झालाय की."

"दाव."

आईनं पद्मजाकडे पाहिलं. आईनं पदर बाजूला केला आणि हात पुढे धरला. आप्पांनी तो दोन्ही हातांत घेतला, तोंडाजवळ आणला आणि मान वाकवून बघू लागले. मनगटावर नवी कातडी गुलाबी आणि चकचकीत होती, पुढे तिच्या कडेनं करड्या रंगाची नागमोडी रेघ कोपराकडे गेली होती. ते आंगठ्यानं त्या रेघेवरून हळूहळू वर सरकत होते. इतकं जवळून, इतकं निरखून त्यांनी चष्म्यातून कधी काही पाहिलं नसेल.

अर्ध्या वाटेत त्यांचा आंगठा थांबला.

"गेलं," आप्पा म्हणाले. "काळोख झाला."

पद्मजा उठून उभी राहिली. आईनं चटकन हात मागे ओढायला घेतला. बघायचं नसेल तर ही संधी बरी होती, आणि तिला ती त्यांना द्यायचीच होती.

"हलवू नको," आप्पा म्हणाले. त्यांची पकड सुटली नाही. "आसू दे तसाच. येतंय."

तिघंही तशीच उभी राहिली. चार सेकंद तसे थोडेच असतात, पण पद्मजाला ते अंगणभर पसरल्यासारखे वाटले. आप्पा घाबरले नव्हते. डोळे उघडे ठेवून, मान वाकवलेलीच ठेवून ते वाट बघत होते.

"आलं," ते म्हणाले, आणि जिथं थांबले होते तिथून पुढं हात बघायला लागले.